एकसष्टच्या पोटातली संख्या

१,७६,६३,१९,०४९.

एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. ही संख्या मोठ्यानं वाचावी अशी आहे. लीलावतीच्या सुरुवातीला भास्कराचार्यांनी एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं सांगितली आहेत. त्यांतल्या दहाव्या, अब्जाच्या स्थानाला ही जेमतेम पोचते आणि थांबते. आज एवढ्या आकड्याचं कुणाला अप्रूप नाही. राज्याच्या अंदाजपत्रकात याच्या कितीतरी पट मोठे आकडे छापून येतात. पण अंदाजपत्रकातला आकडा कुणीतरी ठरवलेला असतो. पुरवणी मागण्या आल्या की तो हलतो. हा आकडा कुणी ठरवला नाही आणि तो कुणाला हलवता येत नाही. एकसष्ट या साध्या, लहानशा संख्येच्या पोटात तो पहिल्यापासून आहे. तिथून त्याला बाहेर काढायची रीत ज्या ग्रंथात आहे, तो ग्रंथ शिकवण्यासाठी आठशे वर्षांपूर्वी आमच्या खानदेशात, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात, मठ बांधला गेला होता.

प्रश्न असा. एखादी पूर्ण संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ६१ नं गुणा आणि एक मिळवा. जे येईल ते पुन्हा कुठल्यातरी पूर्ण संख्येचा वर्ग असलं पाहिजे. एवढंच. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात हा प्रश्न एखाद्या मित्राला गप्पांत विचारावा तसा विचारला आहे, ६७ च्या जोडीनं. ६७ चं उत्तर ५९६७ वर येतं आणि मोठं मूळ ४८८४२. तेही काही लहान नाही. पण ६१ ची गोष्टच निराळी.

आधी तिचे दोन्ही शेजारी पाहा. ६० घेतलं तर चारचा वर्ग सोळा, साठ गुणिले सोळा ९६०, अधिक एक ९६१. आणि ९६१ म्हणजे एकतीसचा वर्ग. ६२ घेतलं तर आठाचा वर्ग चौसष्ट, त्याची बासष्ट पट ३९६८, अधिक एक ३९६९. तो त्रेसष्टचा वर्ग. सहावीतलं पोर पाटीवर करून दाखवील. मधल्या एकसष्टला मात्र काहीही घालून पाहा. एक घातला, ६२ आले. दोन घातले, २४५. तीन, ५५०. चार, ९७७. एकही वर्ग नाही. अशी एका सेकंदाला एक संख्या तपासत, न जेवता न झोपता कुणी बसलं तर सात वर्षं उलटतील आणि मग पहिली संख्या हाती लागेल: २२,६१,५३,९८०. बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. तिचा वर्ग करून ६१ नं गुणला, एक मिळवला, की त्याचं वर्गमूळ म्हणजे वरची दहा आकडी संख्या. त्याच्या आधी, शून्य सोडलं तर, एकही उत्तर नाही. (बावीस कोटींच्या पाठोपाठ तोंडात 'एकसष्ट लाख' येतं तेव्हा मला दरवेळी बरं वाटतं. तो योगायोग आहे हे ठाऊक असूनही.)

साठ आणि बासष्ट इतके उदार आणि मधला इतका कठोर, हे असं का? आजचं गणित याचं कारण सांगतं. या संख्यांची वर्गमुळं अपूर्णांकांत अपूर्णांक घालून उलगडत नेली, तर ६० आणि ६२ यांच्या बाबतीत चार पायऱ्यांनंतर तेच आकडे पुन्हा यायला लागतात. ६१ ला अकरा पायऱ्या लागतात. त्यात अकरा ही संख्या विषम असल्यानं ती फेरी दोनदा करावी लागते, आणि प्रत्येक पायरीला उत्तर फुगत जातं. कारण कळलं म्हणून नवल कमी होत नाही. अकराच का, हा प्रश्न लगेच पुढे उभा राहतो, आणि त्याला 'एकसष्ट आहे म्हणून' यापलीकडे उत्तर नाही.

मठ बांधला गेला ते गाव म्हणजे पाटणे, जुनं पाटण, चाळीसगावच्या नैर्ऋत्येला अठरा-वीस किलोमीटरवर. चाळीसगाव सोडलं की दोन्ही अंगांना कपाशी, मधूनच ऊस, आणि समोर सातमाळ्याची रांग जवळ येत जाते. इथल्या देवीला पाटणादेवी म्हणतात. नवरात्रात यात्रा भरते, तेव्हा जळगाव, धुळे, मालेगाव, सगळीकडून माणसं येतात. एरवी वर्षभर जंगलाचाच आवाज. हा गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा भाग आहे. वरच्या डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. म्हणजे देऊळ बांधणारे आले त्याच्याही कितीतरी आधीपासून या खोऱ्यात माणसांची, मालाची, ग्रंथांची ये-जा होती. आज पाटण्याला पोचल्यावर वाटतं की इथे रस्ता संपतो. यादवांच्या काळात हे भरल्या बाजाराचं नगर होतं.

ते भरलं होतं हे कळतं तेही देवीच्या देवळात सापडलेल्या शिलालेखावरून. मुंबईचे डॉक्टर आणि पुराविद्येचे गाढे अभ्यासक भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो जगापुढे आणला. पुढे कीलहॉर्न यांनी त्याचं संपादन केलं. लेखात एका घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, त्याला भोजराजानं विद्यापती ही पदवी दिलेली. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर. महेश्वरांचा मुलगा आपले भास्कराचार्य. जन्म शके १०३६, म्हणजे १११४ साली, आणि छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, सिद्धान्तशिरोमणी लिहून पुरा. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाल याच्या पदरी, आणि लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ स्थापला. भास्कराचार्यांचं गाव विज्जलविड नेमकं कुठलं, यावर पंडितांचे वाद आहेत. विजापूर म्हणणारे आहेत, बीड म्हणणारे आहेत, आणि आमच्याकडची माणसं अर्थातच पाटण म्हणतात. मला त्या वादात फार रस नाही. माणूस कुठे जन्मला यापेक्षा त्याचं गणित कुठे जपलं गेलं हे मला मोठं वाटतं, आणि त्याबद्दल दगडावर लिहिलेलं आहे.

मठाला दान दिलं निकुंभ घराण्यातल्या सोईदेवानं. हे निकुंभ यादवांचे मांडलिक, खानदेशात सोळाशे गावांचे धनी. तिथी श्रावणी पौर्णिमा, शके ११२८, चंद्रग्रहणाची वेळ. इंग्रजी तारीख ९ ऑगस्ट १२०७. मला ही तिथी फार आवडते. श्रावणात खानदेशावर आभाळ बहुधा भरलेलं असतं. त्या रात्री चंद्र दिसला की नाही कोण जाणे. पण ज्या मठासाठी दान सुटत होतं, तिथे शिकवल्या जाणाऱ्या ग्रंथात ग्रहण कोणत्या घटकेला लागेल आणि कधी सुटेल हे काढायची रीतच दिलेली होती. वर ढग असोत नसोत, खाली गणित तयार होतं.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत श्लोकांत आहे. राजांची स्तुती, पंडितांची स्तुती, वंश, पदव्या. मग शेवटाला भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. ज्ञानेश्वरीच्या त्र्याऐंशी वर्षं आधीची मराठी. स्तुती संपली आणि हिशेब सुरू झाला की दगडावर मराठी येते, कारण हा भाग बाजारातल्या माणसाला कळायला हवा होता. पाटणात विकल्या जाणाऱ्या मालावरचं जे उत्पन्न राजाकडे जायचं ते मठाला दिलं आहे. आणि पुढे: गावात जितके घाणे चालतात, त्या प्रत्येकामागे एक एक पळी तेल.

या एका वाक्याशी मी कितीदा थांबलो असेन. माझ्या आजोळी तेलाच्या डब्यात एक पितळी पळी असायची, उभ्या लांब दांड्याची, तळाशी खोलगट वाटी. आजी ती तेलात बुडवून वर काढायची आणि लगेच भांड्यात ओतायची नाही. डब्याच्या काठाला टेकवून धरायची, वाटीच्या बाहेरून ओघळणारं तेल डब्यातच परत जाऊ द्यायची, शेवटचा थेंब सुटला की मगच पळी हलायची. एका पळीत दोन माणसांच्या भाजीची फोडणी होई. यादवांच्या काळात भुईमूग इकडे आलेलाच नव्हता, तेव्हा पाटणच्या घाण्यांचं तेल तिळाचं, करडईचं, जवसाचं असणार. पळीचं माप तेव्हा नेमकं केवढं होतं ते असो; हातात धरून एका वेळी ओतता येईल एवढंच होतं. ते तेल दिव्यांत गेलं असेल. त्या दिव्यांपाशी कुणी विद्यार्थी बसला असेल आणि गुरूनं त्याला वर्गप्रकृतीचं, म्हणजे याच जातीच्या प्रश्नांचं, प्रकरण काढायला सांगितलं असेल: एकसष्ट घे.

पाटणादेवीच्या आवारात, झाडाच्या पारावर बसून, मी हे उदाहरण हातानं सोडवलं आहे. संगणकावर ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पण तसं ते आपल्याला भेटत नाही. पार झाडलेला होता, बाजूला नारळ-फुलांची दुकानं. दुकानातल्या म्हाताऱ्या बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि शेवटी विचारलं, "काय लिखी राह्यनात, भाऊ? देवीना हिशोब शे का?" मी म्हटलं, "हिशेबच आहे बाबा, पण भास्कराचार्यांचा." त्यांनी मान हलवली, जणू भास्कराचार्य कालच येऊन नारळ घेऊन गेले होते, आणि वहीवर पानं उडून येत होती म्हणून एक धोंडा आणून दिला.

हिशेब असा चालतो. एकाचा वर्ग गुणिले ६१, म्हणजे ६१. त्यात तीन मिळवले की चौसष्ट, आठाचा वर्ग. मिळवायचा होता एक, मिळवले तीन. घर चुकलं, पण गल्ली बरोबर सापडली. लहान मुळाला म्हणायचं कनिष्ठ, मोठ्याला ज्येष्ठ, आणि मिळवलेल्या संख्येला क्षेप. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता असा गुणक शोधायचा की कनिष्ठाला त्यानं गुणून त्यात ज्येष्ठ मिळवला तर क्षेपानं निःशेष भाग जावा, आणि त्या गुणकाचा वर्ग ६१ च्या होता होईल तितका जवळ असावा. सात चालतो. सात आणि आठ पंधरा, भागिले तीन, पाच. हा नवा कनिष्ठ. नवा ज्येष्ठ काढायला जुन्या ज्येष्ठाला गुणकानं गुणायचं, त्यात ६१ पट कनिष्ठ मिळवायचा आणि पुन्हा क्षेपानं भागायचं: ५६ आणि ६१ मिळून ११७, भागिले तीन, ३९. ताळा पाहू. पाचाचा वर्ग पंचवीस, त्याची एकसष्ट पट १५२५. एकोणचाळीसचा वर्ग १५२१. क्षेप उणे चार.

या रीतीला चक्रवाळ म्हणतात. ती भास्कराचार्यांच्याही आधीची. जयदेव नावाच्या गणितज्ञाची याच रीतीची वचनं १०७३ सालच्या एका टीकेत उद्‌धृत केलेली सापडली आहेत. भास्कराचार्यांनी तिला नेटकं रूप दिलं आणि एकसष्टसारख्या हट्टी संख्येवर ती चालवून दाखवली. गुणक, भागाकार, नवा क्षेप, पुन्हा गुणक, असं फिरत राहायचं. फिरताना क्षेप कधीच हाताबाहेर जात नाही. उत्तर अब्जाला पोचायचं असलं तरी हातातला प्रश्न प्रत्येक वेळी तोंडी करता येईल एवढाच राहतो. सात आणि आठ पंधरा.

क्षेप उणे चारवर आला की ब्रह्मगुप्तांची भावना कामाला येते. त्यांचा ब्राह्मस्फुटसिद्धान्त ६२८ सालचा; त्यात त्यांनी ९२ या संख्येसाठी हाच प्रश्न घालून, जो वर्षभरात सोडवील तो गणिती, असं म्हटलं आहे. दोन उत्तरं जोडून तिसरं तयार करायचं, तेव्हा त्यांचे क्षेप एकमेकांना गुणले जातात, ही भावनेची खूबी. आपल्याकडे ५ आणि ३९ आहेत, क्षेप उणे चार. दोन्ही निम्मे केले: पाच छेद दोन, एकोणचाळीस छेद दोन, क्षेप उणे एक. हे स्वतःशीच जोडलं: १९५ छेद दोन, १५२३ छेद दोन, क्षेप अधिक एक. अधिक एक आला, पण मुळं अर्धवट राहिली. मग त्याला पुन्हा आधीच्या जोडीशी जोडायचं, आणि छेद उडतात. कनिष्ठ ३८०५, ज्येष्ठ २९७१८. पूर्ण संख्या, फक्त क्षेप उणे एक. आता अखेरची जोडणी, स्वतःशीच.

इथे मी मुद्दाम लीलावतीतली वर्ग करायची रीत वापरतो. ज्या संख्येचा वर्ग हवा तिच्यात काहीतरी मिळवा, तेवढंच तिच्यातून वजा करा, दोन्हींचा गुणाकार करा आणि मिळवलेल्याचा वर्ग त्यात टाका. २९७१८ मध्ये २८२ मिळवले की तीस हजार होतात. वजा केले की २९४३६. दोन्हींचा गुणाकार ८८,३०,८०,०००. आता २८२ चा वर्ग हवा. तीच युक्ती पुन्हा: अठरा मिळवून तीनशे, अठरा वजा करून २६४, गुणाकार ७९२००, त्यात अठराचा वर्ग ३२४; झाले ७९५२४. बेरीज ८८,३१,५९,५२४. दुप्पट केली, १,७६,६३,१९,०४८. आणि एक. पेन्सिलीनं शेवटचा ९ लिहिला तेव्हा अंगावर काटा आला. पुढे कनिष्ठ: ३८०५ गुणिले २९७१८ याची दुप्पट, म्हणजे ७६१० गुणिले २९७१८, २२,६१,५३,९८०. एवढं सगळं वहीच्या दीड पानात मावलं. सात वर्षांचा शोध दीड पानात.

पाटणच्या या ग्रंथाबद्दल युरोपात काही माहीत नसताना, फर्मा या गणितज्ञानं फेब्रुवारी १६५७ मध्ये आपल्या फ्रेनिकल नावाच्या मित्राला पत्र लिहून ६१ आणि १०९ या दोन संख्यांसाठी नेमकं हेच कोडं घातलं. तुम्हाला फार त्रास होऊ नये म्हणून लहान संख्या निवडल्या आहेत, अशी मखलाशीही केली. त्याला कल्पना नसणार की पाचशे सात वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या कुशीत कुणीतरी हीच ६१ निवडली होती. दोघांनीही नेमकी तीच का उचलली, याचं उत्तर सोपं आहे: या प्रश्नात हात घातलेल्या कुणालाही १०८ पर्यंतच्या संख्यांत ६१ च सगळ्यांत खोल लागते. इंग्लंडात ब्राउंकर आणि वॉलिस यांनी रीत शोधली, ऑयलरनं ती चुकून पेल नावाच्या माणसाच्या नावावर लावली, आणि जगभर आजही हे समीकरण पेलचंच म्हणून ओळखलं जातं. याचा मला मनापासून राग येतो. कोलब्रुकचं बीजगणिताचं इंग्रजी भाषांतर १८१७ मध्ये निघालं, त्यालाही दोनशे वर्षं होऊन गेली. नाव काही बदललं नाही. चक्रवाळाला दरवेळी उत्तर सापडतंच याची सिद्धता म्हैसूरचे प्राध्यापक ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९ च्या सुमारास दिली. कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील. मला हे कळलं तेव्हा त्या घरातल्या जेवणाच्या वेळच्या गप्पा ऐकायला मिळाव्यात असं फार वाटलं.

मोठ्या संख्येजवळ बराच वेळ बसलं की ती ओळखीची होते. १,७६,६३,१९,०४९ मधून एक काढा. उरते ती २९७१८ च्या वर्गाची दुप्पट. एक घाला, होते ती ३८०५ च्या वर्गाची १२२ पट. एका बाजूला एक वर्ग, दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि मधे ही. तिला तिच्या कनिष्ठानं भागलं तर भागाकार ६१ च्या वर्गमुळाशी दशांशचिन्हापुढे सतरा घरांपर्यंत जुळतो. ती मूळ संख्या आहे का? दिसते तशी. पण एकाआड एक आकडे मिळवून पाहा: १, ६, ३, ९, ४ यांची बेरीज तेवीस. राहिलेल्या ७, ६, १, ०, ९ यांचीही तेवीस. दोन्ही बेरजा सारख्या, म्हणजे अकरानं भाग जाणार. जातो: ११ गुणिले १६,०५,७४,४५९. अपूर्णांकांच्या त्या उलगडण्यातही पायऱ्या अकराच होत्या. या दोन अकरांचा एकमेकांशी संबंध मला लावता येत नाही, आणि लावायचा मोहही आवरतो.

तिचा कनिष्ठ भाऊ स्वभावानं अगदी वेगळा. २२,६१,५३,९८० याचे तुकडे पडतात: दोन दोनदा, तीन दोनदा, मग पाच, तेरा, १२७ आणि ७६१. त्याच्या आकड्यांची बेरीज ३६, आणि ३६ नं त्याला निःशेष भाग जातो. आपल्या आकड्यांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद हे नाव दिलं देवळालीच्या द. रा. कापरेकरांनी. चाळीसगावहून मुंबईच्या गाडीत बसलं की मनमाड, नाशिक रोड आणि पुढचं देवळाली. त्याच देवळालीत कापरेकर शाळेत शिकवत आणि उरलेला सगळा वेळ संख्यांत घालवत. ६१७४ चा त्यांचा शोध १९४९ सालचा. पदव्यांची माळ नव्हती, विद्यापीठाची खुर्ची नव्हती. परदेशातल्या गणितज्ञांनी दखल घेतली तेव्हा इकडच्या काही विद्वानांना जाग आली. बावीस कोटींची ही संख्या हर्षद आहे हे त्यांनी कधी पाहिलं होतं का? पाहिलं असतं तर त्यांना आनंद झाला असता एवढं मी खात्रीनं म्हणेन.

धुळ्याला जाणारी गाडी चाळीसगावलाच वेगळी होते. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून, कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या अडगळीतून जुने कागद गोळा करणारा हा माणूस. जुन्या मराठीवर त्याचं इतकं प्रेम की ज्ञानेश्वरीच्या भाषेचं व्याकरण स्वतंत्र लिहिलं. आमच्या या दोन जिल्ह्यांत एकीकडे तेलाच्या पळीवर चाललेली गणिताची शाळा आणि दुसरीकडे वाळवीपासून वाचवलेले कागद. दोन्हीकडे काम एकच होतं: दुसऱ्याच्या कष्टाचं काहीतरी आपल्या हातून हरवू द्यायचं नाही. पाटणच्या मठाचा आज चौथराही ओळखू येत नाही. ग्रंथ मात्र राहिले, कारण कुणीतरी ते दर पिढीला पुन्हा लिहून काढले, आणि लिहिताना २२,६१,५३,९८० हा नऊ आकडी ऐवज एकेक आकडा नीट पाहून उतरवला. संख्येचं एक बरं आहे. नक्कल करणाऱ्याच्या हातून एखादा आकडा इकडचा तिकडे झालाच, तर पुढचा माणूस ताळा करून तो दुरुस्त करू शकतो. वर्ग करा, ६१ नं गुणा, एक मिळवा.

धुळ्याला माझ्याकडे गणिताला येणाऱ्या मुलांना मी हे उदाहरण घालतोच. एका मुलीनं ते पुरं केलं, ताळाही केला, आणि विचारलं, "सर, एकसष्टपेक्षा हट्टी कोण आहे?" मी म्हटलं, "एकशे नऊ. तिच्या आधी कुणी नाही." तिनं लगेच वही पुढे ओढली. पहिली पायरी आम्ही मिळून केली. एकाचा वर्ग गुणिले १०९, त्यातून नऊ वजा केले की शंभर. कनिष्ठ १, ज्येष्ठ १०, क्षेप उणे ९. गुणक आठ: आठ आणि दहा अठरा, भागिले नऊ, दोन. नवा कनिष्ठ २, नवा ज्येष्ठ २१. दोनाचा वर्ग चार, त्याची १०९ पट ४३६, एकविसाचा वर्ग ४४१, क्षेप पाच. पुढचा गुणक तिनं स्वतः काढला, बारा. त्यानं कनिष्ठ ९ आला, ज्येष्ठ ९४, क्षेप सात. ज्येष्ठ अखेरीस पंधरा आकडी येणार आहे, हे मी तिला सांगून ठेवलं आहे.